पाचही बिया एका वाडग्यात

काका कुणालाच "परत या" म्हणायचे नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, मराठी घर आहे! पाहुणा उठला की "बसा हो, घाई काय आहे" म्हणायचं, तो दारात गेला की "परत या हं, असं नाही चालायचं" म्हणायचं, आणि त्याची गाडी वळली की हुश्श करायचं, ही आपली रीत. काका दारापर्यंत यायचे, पाहुण्याच्या बुटांच्या नाड्या बांधून होईपर्यंत शांत उभे राहायचे आणि "बरं" म्हणायचे. संपलं. मग मागून काकू ओला हात पदराला पुसत धावत यायच्या आणि "परत या हं, नक्की या" असं दोघांच्या वाटचं म्हणून टाकायच्या.

"काका, एक शब्द बोललात तर जीभ झिजेल का तुमची?" मी एकदा चिडून विचारलं. त्या दिवशी एक कुटुंब कोलंबस शहराहून एवढं लांब ड्राइव्ह करून आलं होतं.

"मला ते परत यायला नको आहेत," काका म्हणाले. "दोन तास स्वतःच्या घराच्या किमती सांगत बसले. मग कशाला म्हणू? भिडेखातर?"

भिडेखातर हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण काहीतरी घाणेरडं बोललो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून ओहायोतल्या एका लहानशा गावच्या कॉलेजात एम.एस. आणि मग पीएच.डी. करायला आले होते. निघताना आमच्या विहारातल्या एका मावशींनी पत्ता दिला होता, "आपलीच माणसं आहेत, वरची खोली भाड्याने देतात." दार उघडल्यावर समोर बुद्धाची मूर्ती आणि तिच्याशेजारी निळ्या कोटातली तसबीर दिसली, आणि माझ्या पोटातला गोळा निम्मा विरघळला. उरलेला निम्मा काकांनी जागच्या जागी ठेवला. "प्रवास कसा झाला" वगैरे काही नाही. म्हणाले, "मी जास्त बोलत नाही. बोललो तर खरं बोलतो. चालेल का? नाहीतर कॉलेजचं हॉस्टेल आहे."

काका काचेच्या कारखान्यात केमिस्ट होते. उंच, वाकलेले, हिवाळा-उन्हाळा एकच तपकिरी कोट. अमेरिकेत भीड न बाळगता राहणं किती कठीण आहे हे त्यांच्याबरोबर किराणा आणायला गेल्यावर मला कळलं. काउंटरवरची मुलगी हसून "कसे आहात?" विचारायची. तिथे सगळे "मस्त" म्हणून पुढे सरकतात. काका थांबायचे, विचार करायचे आणि सांगायचे, "डावा गुडघा दुखतोय. बाकी ठीक." मागे रांग खोळंबलेली, मी शरमेने अर्धी. पण गंमत बघा, महिन्याभराने ती मुलगी खरंच विचारायला लागली, "आज गुडघा कसा आहे?" आणि मग स्वतःच्या आईच्या गुडघ्याबद्दल सांगायला लागली.

आणि त्यांच्या त्या बिया! कोटाच्या खिशात राजम्याच्या बिया कायम खुळखुळायच्या. शनिवारी त्यांच्याकडे पाच-सहा मराठी पोरं जेवायला असायची, कुणी पुण्याचं, कुणी मुंबईचं. काकू सहा पदार्थांची नावं सांगायच्या, पैकी तीनच होणार. टेबलावर सहा वाडगे मांडले जायचे. प्रत्येकाला तीन बिया. ज्या पदार्थाच्या वाडग्यात जास्त बिया, तो पदार्थ होणार. तिन्ही बिया वेगवेगळ्या वाडग्यांत टाका नाहीतर एकाच वाडग्यात ओता, तुमची मर्जी.

मला पाटवडीचा रस्सा हवा असायचा. नागपूरची मी एकटीच! बाकीच्यांनी तो कधी चाखलाही नव्हता. तर मी काय करायची, एक बी पाटवडीला टाकायची, एक काकूंना आवडते म्हणून पालकाच्या भाजीला, आणि एक तो पुण्याचा मुलगा आशेने बघतोय म्हणून त्याच्या साबुदाण्याच्या वड्यांना. सगळा हिवाळा मी पालक खाल्ला. एका शनिवारी मी ताटाकडे बघून सुस्कारा सोडला, तसे काका म्हणाले, "रडतेस कशाला? तुझ्या हातात तीन बिया होत्या. दोन तू दान केल्यास."

"असं कसं काका, बरं दिसतं का सगळ्या एकीकडे टाकणं? लोक काय म्हणतील, किती हावरट!"

"त्या पुण्याच्या मुलाने तिन्ही वड्यांना टाकल्या," ते म्हणाले. "खातोय बघ कसा."

पुढच्या शनिवारी मी दात-ओठ खाऊन तिन्ही बिया पाटवडीच्या वाडग्यात टाकल्या, आणि रस्सा झाला. इतका झणझणीत झाला की पुणेकर नाक पुसत दोनदा वाढून घेत होते. तेव्हा मला तो नुसता खेळ वाटला होता.

आता गावाबद्दल सांगते. गावाच्या मधून रेल्वेचे रूळ गेलेले. एका बाजूला मुख्य गाव, म्हणजे कॉलेज, चर्च, दुकानं, कौन्सिलची इमारत आणि अग्निशमन केंद्र. गावची एकुलती एक अँब्युलन्स तिथेच. रुळांपलीकडे एक वस्ती. बहुतेक घरं कृष्णवर्णीयांची, काही गरीब गोऱ्यांची आणि एक काका-काकूंचं. बाकीचे भारतीय डॉक्टर-इंजिनियर गोल्फ कोर्सजवळ राहायचे. एकाने काकांना विचारलं होतं, "तुम्हाला परवडत असून तिकडे का राहता?" काका म्हणाले, "सवय आहे. आमची वस्ती नेहमी गावाबाहेरच असते. इथे निदान नळाला पाणी येतं." त्या गृहस्थांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

रुळांवर मालगाड्या उभ्या राहायच्या. सिग्नलची वाट बघत, कधी पाऊण तास, कधी जास्त. हॉस्पिटल वस्तीच्याच बाजूला, पुढे हमरस्त्यावर होतं, पण अँब्युलन्स गावात! म्हणजे वस्तीत कुणाच्या छातीत दुखलं आणि नेमकी मालगाडी उभी असली, तर अँब्युलन्स गाडीच्या पलीकडे भोंगा वाजवत उभी आणि माणूस अलीकडे. वस्तीवर लाँड्री चालवणाऱ्या एक बाई होत्या, ठेंगण्या, करारी, केसांना कायम रुमाल बांधलेल्या. त्यांचा भाऊ असाच गेला, भोंगा ऐकत. तेव्हापासून त्यांनी एकच धोसरा लावला होता, एक अँब्युलन्स या बाजूला ठेवा. त्यासाठी त्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभ्या राहायच्या आणि दर वेळी पडायच्या. कारण कौन्सिलवर पाच जागा, आणि पाचही जणांना अख्खं गाव मत देणार. प्रत्येकाला पाच मतं, पण एका उमेदवाराला एकच. वस्ती गावाच्या एक पंचमांश. गावातले लोक आपले पाच जण निवडायचे, प्रश्न मिटला. त्या पाचांतले तिघे तर एकाच रस्त्यावर राहायचे.

त्या पाचांत पहिल्या नंबरावर दर वेळी एकच माणूस. काकू त्याला सोफेवाला म्हणायच्या. त्याचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, रेडिओवर स्वतःच जाहिरात करायचा. लाल गलमिशा, पँटला खांद्यांवरून रुंद पट्टे, आणि बोलणं असं की दगडालाही हसू यावं. "मी पुढारी नाही, मी सोफे विकतो!" हे त्याचं भाषण. "त्या इमारतीतल्या साहेबांना तुमचं काय कळणार? तुम्ही कशावर बसता ते मला माहीत आहे!" लोक खिदळायचे. आणि नुसता बोलभांड नव्हता हो तो, हे सांगायलाच हवं. नाताळात वस्तीत टर्की वाटायचा. कुणाचे हप्ते थकले तर दारात माणसं पाठवायचा नाही. लाँड्रीवाल्या बाईंनी अँब्युलन्सचं काढलं की तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "अँब्युलन्स कशाला? मी आहे ना."

आणि तो होता, खरंच होता. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, एका दुपारी काकू स्वयंपाकघरात कोसळल्या. काकांनी फोन केला. मालगाडी उभी. काकांची गाडी नेमकी दुरुस्तीला गेलेली, म्हणून आम्ही दोघं बर्फात रस्त्यावर उभे, पलीकडून भोंगा ऐकू येतोय, मी रडतेय, काका प्रत्येक घराचं दार वाजवत गाडी मागत फिरतायत. तेवढ्यात कोपऱ्यावर सोफेवाल्याचा डिलिव्हरीचा ट्रक दिसला. तो स्वतः कुणाचा तरी सोफा उतरवत होता. त्याने काही विचारलं नाही. सोफा परत ट्रकमध्ये ढकलला, काकूंना उचलून त्यावर झोपवलं, आणि असा ट्रक हाणला की मी मागे काकूंचं डोकं धरून बसले होते ती दोन्ही भिंतींवर आपटत होते. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागल्या नसत्या.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला काका बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्याच्या दुकानात जायचे. ज्या माणसाने कधी कुणाला उगाच नमस्कार केला नाही, तो त्या सोफेवाल्यासमोर हात जोडून उभा राहायचा. तो बिचारा लाजायचा, "अरे, सोड यार" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा आणि काउंटरवरच दोन लाडू खायचा.

पुढे लाँड्रीवाल्या बाईंनी आणि वस्तीतल्या लोकांनी मिळून कोर्टात दावा लावला, की या पद्धतीने आमचा माणूस कधीच निवडून येणार नाही. न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांना सांगितलं, बसा आणि काहीतरी मार्ग काढा. वकील म्हणाले, गावाचे पाच वॉर्ड करा. झालं! एका रस्त्यावर राहणारे ते तिघे चवताळले, कारण वॉर्ड पडले की तिघांतला एकच उरणार. गावात सभा भरली, दोन्हीकडून आरडाओरडा. आणि मागच्या रांगेतून आमचे काका उठले, तपकिरी कोटात, खिसा खुळखुळवत.

"वॉर्ड पाडू नका," ते म्हणाले. "मतं पाचच असू द्या. फक्त ती कुणाला किती द्यायची ते मतदाराला ठरवू द्या. पाचही एकाला दिली तरी चालली पाहिजेत." आणि त्यांनी टेबलावर चक्क वाडगे मांडले, बिया काढल्या, आणि शनिवारच्या जेवणाचा सगळा कार्यक्रम करून दाखवला. पाटवडीसकट! मी खुर्चीत खाली खाली सरकत होते. वकिलांना ही पद्धत पुस्तकातून माहीत होती, पण घरी भाजी ठरवायला ती वापरणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला.

"ही कुठली पद्धत?" कुणीतरी ओरडलं.

"माझ्या गावची," काका म्हणाले. "इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा मुंबई इलाख्यात अशी निवडणूक झाली होती. माझ्या वडिलांनी असं मत दिलंय."

सगळ्यांत मोठ्याने टाळ्या कुणी वाजवल्या असतील? सोफेवाल्याने. "मला आवडलं! बिया टाकायच्या! याहून सोपं काय?" त्याला भीती कसली, गावात त्याला कोण मत देणार नव्हतं? त्या तिघांनाही वॉर्डांपेक्षा हे बरं वाटलं. वस्तीतल्या लोकांना ही नुसती भाजी निवडायची गंमत वाटत होती, पण लाँड्रीवाल्या बाई वाडग्यांकडे टक लावून बघत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "पाचही मला देता येतील?" काका म्हणाले, "पाचही." तडजोड झाली, न्यायाधीशांनी मान्य केली.

मला वाटलं, जिंकलो आपण. कसलं काय! निवडणूक जवळ आली तसा सोफेवाला वस्तीत दारोदार फिरायला लागला. बरोबर हॉट डॉगची गाडी, रेडिओवरचं गाणं. आणि त्याचं मागणं किती साधं, किती गोड! "तुम्हाला पाच मतं आहेत. चार बाईंना द्या. द्याच, त्या चांगल्या आहेत. एक मला. मी तुमच्यासाठी एवढंही केलं नाही का?"

काय बोलणार यावर? वस्ती विरघळली. माझंही मन म्हणत होतं, एक तर द्यायलाच हवं, माणुसकी म्हणून काही आहे की नाही. जेवताना मी तसं बोलले. काकांनी ताटातच पाच शेंगदाणे मांडले. "गावात दर पाच माणसांत आपण एक. पाचही दिली तर बाई जेमतेम काठावर बसतात. प्रत्येकाने एकेक काढून घेतलं की पडल्या. तो पहिला येणारच आहे, त्याला आपल्या मताची गरज नाही."

"मग तो मागतो कशाला?"

"त्याला मत नको आहे. त्याला आपण त्याचे असायला हवे आहोत," काका म्हणाले. मग त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू ताटातला भात चिवडत होत्या. ट्रकमधल्या त्या सोफ्यावर झोपवलेल्या काकूंनाही आपलं पाचवं मत कुणाला द्यायचं ते ठरवायचं होतं ना!

निवडणुकीच्या आधीच्या रविवारी, चर्च सुटल्यावर, लाँड्रीत बैठक झाली. मशीन बंद ठेवलेली, लोक कपड्यांच्या टेबलांवर बसलेले. मी काकूंना घेऊन कोपऱ्यात. एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत उठल्या. "माझा नवरा शेवटचे महिने पलंगावर झोपू शकत नव्हता," त्या म्हणाल्या. "त्या माणसाने आरामखुर्ची आणून दिली आणि एक पैसा घेतला नाही. मी त्याला एक मत देणार. चार तुला, पोरी. पण एक त्याला. मला देवाला तोंड दाखवायचंय." सगळीकडून "खरंय, खरंय" झालं. लाँड्रीवाल्या बाई समोरच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. स्वतःसाठी कसं मागणार त्या तरी?

तेव्हा काका उठले. सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या, कारण ती गोष्ट वस्तीत प्रत्येकाला ठाऊक होती.

"या खोलीत त्या माणसाचं सगळ्यांत मोठं देणं माझ्यावर आहे," काका म्हणाले. "ते देणं तिथे कोपऱ्यात बसलंय." मी त्यांना शब्द शोधताना पहिल्यांदा बघत होते. "माझ्या वडिलांना लिहिता-वाचता येत होतं, म्हणून त्यांना मत होतं. आमच्या वस्तीत फार थोड्यांना होतं. सगळी मतं आपल्याच उमेदवाराला द्यायची असं ठरलेलं. पण माझी आजी वारली तेव्हा गावच्या पाटलाने सरणाला लाकडं दिली होती. पाटील मतदानाच्या सकाळी वडिलांना भेटला आणि म्हणाला, सगळी नको, एक तेवढं माझ्या माणसाला दे. वडिलांनी दिलं. आणखी काही जणांनी दिलं, त्यांच्यावरही काही ना काही होतंच. आमचा उमेदवार थोडक्यात पडला. वडील शेवटच्या आजारात भ्रमात बोलायचे, तेव्हा एकच बोलायचे, 'एकच तर दिलं.' मी उशाशी बसून ऐकलंय ते."

काका आजींकडे वळले. "उपकार खरा आहे. तो फेडा. त्याला जेवायला बोलवा, त्याच्या दुकानापुढचा बर्फ काढा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. पण मत देऊ नका. मत दिलं की पुढच्या वेळी अँब्युलन्स नसेल आणि आपण पुन्हा रस्त्यावर ट्रक शोधत फिरू. त्या दिवशी ट्रक होता. बाईंच्या भावाच्या वेळी नव्हता."

आजी खाली बसल्या. देणार, नाही देणार, काहीच म्हणाल्या नाहीत. काकू उठल्या आणि जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या, आणि दोघी एकमेकींचा हात धरून तशाच बसून राहिल्या.

मतदानाच्या दिवशी दुपारी काका मत देऊन आले आणि मला म्हणाले, "चल, गाडी काढ." मागच्या सीटवर लाडवांचा डबा होता. मी चक्रावले. "काका, ती तारीख तर हिवाळ्यात असते!"

"आजच जायचं. उद्या गेलो तर निकाल बघून आलो असं होईल."

दुकानात सोफेवाला पंचवीस माणसांच्या गराड्यात हसत-खिदळत उभा. काकांना बघून त्याने हात पसरले. काकांनी डबा त्याच्या हातात दिला, हात जोडले आणि सगळ्यांसमोर, गुडघ्याबद्दल सांगायचे त्याच आवाजात सांगितलं, "मी आज तुम्हाला एकही मत दिलं नाही. पाचही बाईंना दिली. माझ्या बायकोनेही. ती तुमच्यामुळे जिवंत आहे. हे लाडू तिने केलेत."

अगं बाई गं! सोफेवाल्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, विसरल्यासारखं. "एकही नाही?" त्याने विचारलं. लहान मुलासारखा आवाज झाला होता त्याचा.

"एकही नाही."

तो मागे ठेवलेल्या सेलच्या सोफ्यावर मटकन बसला. "तुम्ही दिलं म्हणून सांगितलं असतंत, तर मला कुठे कळणार होतं?"

"मला कळलं असतं," काका म्हणाले.

तो डब्याकडे बघत राहिला. मग त्याने झाकण उघडलं, एक लाडू काढला, पण खाल्ला नाही, नुसता हातात धरला. "तब्येत कशी आहे त्यांची?" त्याने विचारलं. काकांनी विचार करून सांगितलं, "जिना चढताना धाप लागते. बाकी ठीक."

बाहेर आल्यावर मला या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण पाया पडलेलं त्यांना मुळीच चालायचं नाही. मी नुसतं गाडीचं दार उघडून धरलं. आयुष्यात मी शूर म्हणवणारी पुष्कळ माणसं पाहिली, हातात माईक असलेली. पण ज्याने आपल्या बायकोचा जीव वाचवला त्याच्या डोळ्यात बघून "नाही" म्हणणारा आणि त्याच दमात त्याला हात जोडणारा माणूस मी तो एकच पाहिला.

संध्याकाळी कौन्सिलच्या इमारतीत निकाल लागला. सोफेवाला पहिला, वादच नाही. लाँड्रीवाल्या बाई पाचव्या, बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी. त्या आजींनी मागून काठी उंच केली आणि हवेत पाचही बोटं दाखवली. लाँड्रीवाल्या बाईंनी काकांना मिठी मारली तेव्हा काका खांबासारखे ताठ उभे होते, पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. सोफेवाला सगळ्यांशी हात मिळवत आमच्यापर्यंत आला. काकांना काही बोलला नाही. काकूंना म्हणाला, "लाडू चांगले झालेत. या वेळी वेलची जास्त आहे."

अँब्युलन्स लगेच आली असं समजू नका. एकीविरुद्ध चौघे होते. बाई दर बैठकीला भावाचं नाव घ्यायच्या आणि हरायच्या. त्या अवधीत माझं शिक्षण संपलं आणि लांब पूर्वेला एडिसन गावी नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी बॅगा गाडीत टाकल्या, काकूंनी डोळे पुसले, "परत ये गं, नक्की ये" म्हणून झालं. काका माझ्या बुटांच्या नाड्यांकडे बघत उभे. मी "येते काका" म्हटलं आणि नेहमीच्या "बरं"ची वाट बघितली.

"परत ये," काका म्हणाले.

मी वाटेतला अख्खा पेनसिल्व्हेनिया रडत ओलांडला.

परत गेले ती दीड-दोन वर्षांनी, एका शनिवारी. येतेय म्हणून फोन केला होता, काकूंनी पाटवडीचं डाळीचं पीठ आणून ठेवलं होतं. गावातून वस्तीकडे वळले तर काय, मालगाडी उभी! इंजिन बंद करून बसले. आणि तेवढ्यात गाडीच्या पलीकडून भोंगा ऐकू आला. त्या आवाजाची मला अजून धास्ती होती. पण हा भोंगा एका जागी रडत नव्हता. तो पलीकडूनच निघाला, पलीकडेच वळला आणि हमरस्त्याच्या दिशेने लांब लांब गेला. मालगाडी आपली उभीच.

काका पायरीवर वाट बघत होते. तोच तपकिरी कोट. मी धावतच विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना? भोंगा ऐकला मी!"

"ती आत रस्सा ढवळतेय. अँब्युलन्स लाँड्रीच्या मागे असते आता. कौन्सिलवरचा एक जण आधीच बाईंकडे वळला होता, मग पाचांतलं तिसरं मत मिळालं. सोफेवाल्याचं."

"आणि आत्ता कुणासाठी गेली?"

"माहीत नाही," काका म्हणाले. मग नेहमीसारखा विचार केला आणि सांगितलं, "पूर्वी कुणाला काही झालं की अख्ख्या वस्तीला कळायचं. दारोदार गाडी मागत फिरावं लागायचं ना. आता कळत नाही."

हे सांगताना ते हसत होते. मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, म्हणून ओळखायला जरा वेळ लागला. मग त्यांनी खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर तीन बिया ठेवल्या.